शून्य अठरा

मागच्या हिवाळ्यात कळंबच्या किनाऱ्यालगत एका बाईला मी सांगितलं, की मावशी, तुम्ही शर्यत पूर्ण केलेलीच नाही. ती माझ्यासमोर उभी होती. घामाने पोलकं पाठीला चिकटलेलं, छातीवर नंबराचा कागद पिनांनी टाचलेला. मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. लॅपटॉपकडे बघूनच मी तिला ते सांगितलं.

मी नालासोपाऱ्याला आचोळ्यात आईबरोबर राहते. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी नोकरी आहे, त्यातलं निम्मं काम घरूनच चालतं. आईने वालीवच्या एका कारखान्यात बरीच वर्षं पॅकिंगला काम केलं. दिवसभर उभं राहून खोकी भरायची आणि चिकटपट्टी लावायची. निवृत्त झाली तशी तिचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून ती रोज सकाळी इमारतीभोवती फेऱ्या मारू लागली. आधी तोंड वाकडं करून जायची. पुढे पुढे मी उठायच्या आतच तिची चप्पल दारातून गेलेली असायची.

आमच्या भागातल्या एका क्रीडा मंडळाचा सचिव माझा कॉलेजातला मित्र. मंडळाने कळंबला चालण्या-पळण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा त्याने फोन केला. "निकालाचं काम तू बघ. गेल्या वेळी कागदावर लिहिलं आणि बक्षीस समारंभात मारामारी व्हायची वेळ आली."

मी हो म्हटलं. त्यात एक ज्येष्ठ महिलांची चालण्याची स्पर्धा होती. मी आईचं नाव ऑनलाइन भरलं आणि मग तिला सांगितलं.

"लोक हसतील," आई म्हणाली.

"हसू देत. तुला नाहीतरी चालायचंच असतं."

तिला अठरा नंबर मिळाला.

माझा प्रोग्राम अगदी साधा होता. अंतिम रेषेवर मंडळाची मुलं खुर्च्या टाकून बसणार. जो येईल त्याचा नंबर ती फोनवर टाइप करणार, आणि ते सगळं एका यादीत माझ्याकडे येणार. पण मुलं फक्त नंबर टाइप करत नाहीत. "नंबर दिसला नाही", "पाय मुरगळला", "अर्ध्यातून परत" असंही मध्येच लिहितात. त्यामुळे यादीत आकडे आणि शब्द यांची भेळ होते. आणि अशा यादीत संगणकाच्या लेखी सगळे शब्दच असतात. टाइप करून आलेला अठरा हा त्याच्यासाठी आकडा नसतो, ती फक्त एक आणि आठ ही अक्षरं असतात, शेजारी शेजारी ठेवलेली. उलट ऑनलाइन नावनोंदणीच्या फाइलमध्ये मात्र खरे आकडे होते. दोन्हींची जोडी लागायची तर यादीतल्या ज्या ज्या गोष्टी आकड्यांसारख्या दिसतात त्यांचे आकडे करायचे आणि बाकीचे शब्द तसेच राहू द्यायचे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात देतात तसला हा गृहपाठ. चार ओळींत होतो. मी तो चहा पिता पिता केला. एका मुलाचा कीबोर्ड मराठी होता, त्याने देवनागरीत आकडे पाठवले, तेही बरोबर बदलले गेले. ते बघून मला बरंच समाधान वाटलं होतं. शिवाय मुलं गडबडीत एकच नंबर दोनदा टाइप करतात, म्हणून मी आणखी एक ओळ घातली: एखादा नंबर पुन्हा आला तर दुसरा टाकून द्यायचा.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही अंधार असतानाच निघालो. कळंबला पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू अजून उभे राहत होते. सुरूच्या झाडांमधून गार वारा येत होता आणि आई शाल सोडायला तयार नव्हती. आदल्या दिवसापर्यंत नाव न दिलेली बरीच माणसं ऐनवेळी आली, जास्त करून गावातलीच. मित्राने त्यांच्यासाठी जागेवरच कागद कापून मार्करने नंबर लिहायला घेतले, आणि मला मेसेज टाकला: "ऐनवेळच्यांना पुढे शून्य लावतोय. म्हणजे वेगळे कळतील."

मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे, आणि अंगठाही.

प्रोग्राममध्ये मी काहीच बदललं नाही. शून्य अठराचं काय होणार हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कुणी विचारलं असतं तर झोपेतूनही सांगितलं असतं. अक्षरांचा आकडा केला की पुढचं शून्य गळतं, शून्य अठराचा अठरा होतो. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही. मी त्या वेळी लॅपटॉपला ऊन लागू नये म्हणून खोका शोधत होते.

स्पर्धा छान झाली. सगळ्या वयाच्या बायका एकदमच सुटल्या, त्यामुळे कोण कुणाच्या पुढे आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता. आई परत आली ती हसत. अंतिम रेषेपाशी प्रत्येकाला एक केळं आणि लिंबू सरबत देत होते. आई माझ्या टेबलापाशी येऊन केळं सोलत म्हणाली, "मध्ये बुटाची नाडी सुटली. मला वाकता येईना. एका मुलीने बांधून दिली, तोवर निम्म्या बायका पुढे गेल्या."

मी "बरं" म्हटलं आणि बटण दाबलं. पडद्यावर निकाल आला. ज्येष्ठ महिला, प्रथम क्रमांक, अठरा. समोर आईचं नाव.

इथे मी थांबायला हवं होतं. तिने नाडीचं सांगून मिनिटही झालं नसेल. पण मला झाला तो नुसता आनंद. मी ओरडले, "आई, तू पहिली आलीस!"

"मी?" ती म्हणाली. "अगं, नीट बघ."

"बघितलं. मशीन सांगतंय."

तिने केळं तसंच हातात धरून पडद्यावर वाकून पाहिलं. स्वतःचं नाव वाचलं. "मशीन कशाला खोटं बोलेल," असं स्वतःशीच म्हणाली, आणि मग तिचा चेहरा असा काही उजळला की मी फोन काढून फोटो घेतला.

ती बाई आली ती त्यानंतर. तिच्याबरोबर तिचा मुलगा होता. पर्यटकांसाठी कळंबला ज्या छोट्या कॉटेज आहेत त्यांतल्या काही त्याच्या. त्याने मंडळाला पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या, म्हणून मी त्याला तोंडओळखीने ओळखत होते.

"माजा नंबर बग ना बाय," ती म्हणाली. "मी पयली आले. माज्या पुढं सगल्या जवान पोरी व्हत्या. माज्या वयाची कोनी नव्हती."

तिच्या छातीवरच्या कागदावर मार्करने लिहिलं होतं: शून्य अठरा. मी निकालात शोधायच्या चौकटीत ते तसंच टाइप केलं. शून्य, एक, आठ. काही आलं नाही. कसं येणार? निकालात शून्याने सुरू होणारा एकही नंबर शिल्लक नव्हता. आणि शून्य न लावता शोधलं असतं, तर माझ्या आईचं नाव समोर आलं असतं.

"मावशी, तुमचा नंबर नाहीये यात. तुम्ही पूर्ण केलेली दिसत नाही."

"असं कसं? मी तर थेट हितपर्यंत आले. मना केलं दिलं त्यांनी."

"केळं सगळ्यांनाच देतात, मावशी."

माझं हे वाक्य. मी ते गोड आवाजात बोलले, कंपनीत चिडलेल्या ग्राहकाशी बोलतात तसं. पाठीमागे एक-दोन जण हसले. तिच्या मुलाचा चेहरा पडला. त्याने तिचा दंड धरला. "आई, चल. बसली असशील कुठं मध्येच, आणि मग तिकडून आली असशील."

"मी कुठं बसले?"

"चल. घरी बोलू."

ती जाताना मागे वळून अंतिम रेषेकडे बघत होती. रेष म्हणजे फक्त चुन्याचा एक पट्टा होता, आणि तोही एव्हाना पायांनी पुसला गेला होता. ती नजर मला तेव्हा दिसली होती. खोटं बोलताना पकडल्याची ती नजर नव्हती, काहीतरी ठेवलं आणि सापडत नाही अशी होती. मी बघितलं आणि पुढच्या माणसाला म्हटलं, "तुमचा नंबर?"

आईला व्यासपीठावर बोलावलं. चषक चांगला मोठा होता, दोन कानांचा. शाल होती, स्टीलचा डबा होता. टाळ्या वाजल्या. परत येताना रिक्षात तिने चषक मांडीवर घेतला आणि नालासोपारा येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात सण होता. चषक टीव्हीशेजारी बसला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी आईला चालण्याबद्दल चार शब्द बोलायला लावलं आणि ती खरोखरच बोलली. सारं आयुष्य इतरांसाठी टाळ्या वाजवलेली बाई. शेवटी म्हणाली, "आणि त्या स्पर्धेचा निकाल काढणारा प्रोग्राम माझ्या मुलीनेच केला होता." बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मीही मान तुकवली.

मग मंडळाने शाळकरी मुलांची एक शर्यत ठरवली आणि मित्राने तोच प्रोग्राम मागितला. देण्याआधी एकदा तपासावा म्हणून एका रविवारी दुपारी मी जुनी यादी उघडली. मुलांनी टाइप केलेली मूळ यादी, काहीही न बदललेली. सहज वरून खाली बघत गेले. वरच्या बाजूला होतं शून्य अठरा. आणि खाली, "पाय मुरगळला"च्या जवळपास, नुसता अठरा.

मी ती यादी पुन्हा चालवली, शून्यवाले नंबर अक्षरं म्हणूनच राहू दिले. ज्येष्ठ महिलांत पहिली शून्य अठरा. आई पाचवी. आणि फक्त त्या दोघीच नव्हत्या. ऐनवेळी आलेल्यांपैकी आणखीही काही जण असेच नाहीसे झाले होते. ते बक्षिसाच्या जवळ नव्हते, म्हणून कुणी विचारायला आलं नाही. आले, चालले, घरी गेले. विचारायला आली ती एकटीच, आणि तिला मी परत पाठवलं.

आई आतल्या खोलीत झोपली होती. चषकावर पंख्याची सावली फिरत होती.

मी लगेच सांगितलं, असं लिहायला आवडलं असतं. सांगितलं नाही. आधी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अगं, झालं ते झालं. कोण आता उकरतंय? त्या बाई नंतर मंडळात येऊन विचारून गेल्या होत्या, पण आता येत नाहीत."

"येऊन गेल्या होत्या?"

"दोनतीनदा. मी सांगितलं, निकाल कॉम्प्युटरचा आहे, आमच्या हातात काही नाही."

म्हणजे त्यानेही तिला माझंच उत्तर दिलं होतं.

नंतरचे काही दिवस मी गप्प बसले, आणि त्यामागे आईचं सुख होतं असं मी स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. मला भीती होती ती लोकांची. मुलीने प्रोग्राम लिहिला आणि आईला पहिला नंबर दिला; याला कुणी चूक म्हणेल का? सोसायटीतल्या बायकांची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर येत. चोरी केल्यासारखी मी घरात वावरत होते. आई चषक पुसायला लागली की मी उठून बाल्कनीत जायचे.

शेवटी आईनेच विषय काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझं काय चाललंय? ऑफिसात काही झालंय का?"

मी सांगून टाकलं. शून्याचं, गळण्याचं, दुसरा नंबर टाकून देण्याचं. तिला किती कळलं माहीत नाही. मेथीची जुडी हातात धरून ती ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्या नावावर त्या बाईचं चालणं लागलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि माझं?"

"तुझं टाकून दिलं गेलं."

तिने निवडलेली मेथी एका बाजूला केली. "मी कितवी मग?"

"पाचवी."

"पाचवी," ती म्हणाली. मग मेथीची आणखी एक काडी खुडली आणि म्हणाली, "नाडीचं मी तुला सांगितलं होतं. मला तेव्हाच वाटलं होतं. पण तू इतकी खूश होतीस."

मला वाटत होतं की खूश ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चषक, शाल आणि डबा एका पिशवीत घातला. डबा वापरात आला होता, तो तिने चिंच लावून घासून काढला होता. आम्ही रिक्षाने कळंबला गेलो. कॉटेज शोधायला वेळ लागला नाही. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तारेवर पर्यटकांचे टॉवेल वाळत होते. ती बाई पायरीवर बसली होती, नुसतीच. मागच्या स्वयंपाकघरात कुणी दुसरीच बाई मासे तळत होती.

तिने मला ओळखलं. "कम्पुटरवाली," ती म्हणाली.

मुलगा बाहेर आला. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. घरून निघताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं विसकटली. मी एवढंच म्हणू शकले, "मावशी, त्या दिवशी तुम्ही पहिल्या आला होता. तुम्ही बरोबर होता. चूक माझी होती."

ती मुलाकडे वळली. "मी बोलले नव्हते तुला?"

त्याने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज चढला. "तुम्हाला माहितीय का काय झालं नंतर? आई महिनाभर तेच तेच बोलत होती. मी पोचले, मी पोचले. त्याच्या आधी एकदा तिने आमटीत दोनदा मीठ घातलं होतं, गिऱ्हाईक ओरडलं होतं. मला वाटलं, हिला आता आठवत नाही. चालायला जाते आणि कुठे जाते ते विसरते. गॅस चालू राहिला तर? मी तिचा स्वयंपाक बंद केला. दुसरी बाई ठेवली. पहाटेचं चालायला जाणं बंद केलं."

"मना पन तसंच वाटाय लागलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मशीन बोलतंय नाय, पोरगा बोलतोय नाय. मंग मीच कुठंतरी बसले आसेन. रातच्याला आठवून बगायची, कुठं बसले, कुठं बसले. एक दिवस तर मना ती जागा दिसाय पन लागली. वाटंवरच्या वडाखाली."

ती कधी बसलीच नव्हती. माझ्या एका "नाही"मुळे तिच्या डोक्यात न घडलेली गोष्ट घडली होती.

आई पुढे झाली. पिशवीतून चषक काढून तिच्या मांडीवर ठेवला. "हे तुमचं आहे. मी वापरलं, माफ करा." मग शाल, मग डबा. त्या बाईने चषकाचे कान चाचपले. आनंदली असं मला दिसलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तवा परत का नाय बगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजूनही शोधते. घाई होती, रांग होती, ऊन होतं, हे सगळं खरं आहे. पण समोर एखादी इस्त्रीच्या कपड्यांतली बाई असती, इंग्रजीतून विचारत असती, तर मी मूळ यादी उघडली असती. हे मला माहीत आहे. तिथे त्या पायरीसमोर उभी असतानाही माहीत होतं. मी फक्त "चुकलं" म्हटलं.

तिने पाणी आणायला सांगितलं. आम्ही प्यायलो आणि निघालो.

मंडळाने निकाल सुधारल्याचा मेसेज टाकावा म्हणून मी मित्राच्या मागे लागले. तो नको नको म्हणत होता. शेवटी मीच मजकूर लिहिला, चूक कुणाची ते त्यात स्पष्ट लिहिलं, नाहीशा झालेल्या सगळ्यांचे नंबर घातले. ज्याची भीती होती तेही झालं. सोसायटीच्या जिन्यात एक बाई दुसरीला म्हणाली, "आईसाठी केलं असेल, त्यात काय एवढं." आई माझ्या मागेच होती. ती थांबली आणि म्हणाली, "माझ्यासाठी केलं असतं तर मी स्वतः नेऊन परत दिलं नसतं." एवढंच बोलून ती जिना चढू लागली, पण कठड्याला धरून, हळूहळू. पुढे बरेच दिवस ती चालायला गेली नाही. गुडघ्यांचं कारण सांगायची.

मी कळंबला पुन्हा जाऊ लागले, कधी रविवारी, कधी सुट्टी काढून. काही कामाने नव्हे. बसायचे, चहा घ्यायचे. मुलाने नवी बाई काढली नव्हती, पण आपल्या आईला पुन्हा चुलीपाशी उभं राहू दिलं होतं. पहाटेचं चालणंही सुरू झालं होतं. सगळं सुरळीत व्हायला लागलंय असं मला वाटायला लागलं होतं. एका दुपारी तिने मला विचारलं, "चहा घेनार?" मी हो म्हटलं, तिने आणला, मी प्यायले. कप खाली ठेवला, आणि ती म्हणाली, "चहा घेनार?"

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. पाहुणचार असेल. पण पुढच्या वेळी तसंच झालं, आणि तिने आपल्या नातीला दुसऱ्याच नावाने हाक मारली. मुलगा तिथेच होता. त्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. आता तो आईवर संशय घ्यायला धजत नव्हता. एकदा घेतला होता आणि तो खोटा ठरला होता. ते माझ्यामुळे.

मी घरी आले आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू बोलू नकोस. तुझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही. मी जाते."

ती खरंच गेली. आधी दोघी नुसत्याच किनाऱ्यावरून चालून यायच्या. आईचंही चालणं असं पुन्हा सुरू झालं. मग एक दिवस आईनेच मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की एकदा डॉक्टरांना दाखवून या, मी बरोबर येते, मलाही माझं दाखवायचं आहे. आम्ही चौघं वसईला गेलो. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. वयाने होतं. औषध देऊ, बघत राहू, कामात ठेवा, चालू द्या.

मित्राला हे कळलं तेव्हा तो सुटल्यासारखा म्हणाला, "बघ, म्हणजे तिला होतंच ते. तुझा काही संबंध नाही."

त्याच्या बोलण्याने मला हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. त्या बाईच्या हातून एकेक गोष्ट निसटायला सुरुवात झाली होती, आणि त्यात एक सकाळ तिच्याजवळ स्वच्छ, पक्की होती. ती चालली होती, पोचली होती, पहिली आली होती. नेमकी तीच सकाळ मी तिला खोटी ठरवून दिली. चषक परत देता आला. वडाखाली बसल्याचं ते चित्र तिच्या डोक्यातून कसं काढायचं ते मला माहीत नाही.

परवा गेले होते तेव्हा कॉटेजमध्ये मुंबईचं एक जोडपं उतरलं होतं. ती त्यांना सोलकढी वाढत होती. कपाटावरच्या चषकाकडे बघून पाहुण्या बाईंनी विचारलं, हे कुणाचं. ती त्यांना सगळं सांगू लागली. कुठून सुटलो, कुठे रस्ता वळतो, पुढे सगळ्या जवान मुली कशा होत्या. एकाही ठिकाणी अडखळली नाही. मग वडापर्यंत आली आणि थांबली. "हितं मी बसले का गं?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही कुठेच बसला नाहीत. थेट आलात."

"थेट आले," ती त्या पाहुण्यांना म्हणाली आणि पुढे सांगू लागली.